चोर सोडून संन्याशाला

संकेतस्थळावरच्या संपर्काच्या फॉर्ममधून रात्रीत ढीगभर निरोप येऊन पडतात, बहुतेक जुगाराचे नाहीतर गोळ्या-औषधांचे. मग वेबसाइट सांभाळणाऱ्याला फोन जातो आणि तिकडून ठरलेलं उत्तर येतं : ‘कॅप्चा टाकून घेऊ.’ सीएमएस, म्हणजे संकेतस्थळ चालवणारी प्रणाली, वर्डप्रेस असो, ड्रुपल असो की जूमला, प्लगिन बसवायला वेळ लागत नाही. हा सल्ला इतका रुळला आहे की तो एक मत आहे, त्याचं खंडन होऊ शकतं, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आधी तो पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडतो.

फॉर्म भरणारी स्क्रिप्ट हे यंत्र आहे. माणसाला सहज जमेल आणि यंत्राला जमणार नाही असं काम, म्हणजेच कॅप्चा, दारात ठेवलं, की यंत्र बाहेर राहील, माणूस आत येईल. शिवाय अनुभवाची साक्ष आहेच : कॅप्चा बसवला की दुसऱ्या दिवसापासून कचरा ओसरतो.

अनुभव खरा आहे. त्यावरून काढलेलं अनुमान मात्र कावळा बसायला आणि फांदी तुटायला, या जातीचं आहे. कचरा टाकणाऱ्या पुष्कळशा स्क्रिप्ट फॉर्म उघडून पाहतच नाहीत. वर्डप्रेसमध्ये प्रतिक्रिया स्वीकारणारी फाइल ठरलेली, रकान्यांची नावंही सगळीकडे तीच. आणि जगातली 40 टक्क्यांहून अधिक संकेतस्थळं वर्डप्रेसवर चालतात. एकदा लिहिलेली स्क्रिप्ट असंख्य दारांना चालते. पान न उघडता, जावास्क्रिप्ट न चालवता ती सरळ सर्व्हरकडे मजकूर फेकते. अशा आंधळ्या माऱ्यापुढे कॅप्चा टिकतो, पण त्याच्या जागी दुसरं काहीही टिकलं असतं. फॉर्म उघडल्याची वेळ सर्व्हरने सहीनिशी एका छुप्या रकान्यात लिहून ठेवली तरी पुरे. ज्या पाठवणीत ती वेळ नाही, किंवा फॉर्म उघडल्यापासून दोन सेकंदांत जी आली, ती परत. जी स्क्रिप्ट फॉर्म वाचून भरते तिच्यासाठी हनीपॉट आहे : सीएसएसने लपवलेला एक जादा रकाना. माणसाला तो दिसत नाही म्हणून रिकामा राहतो. स्क्रिप्ट अधाशीपणे तोही भरते आणि सापडते. कॅप्चा काढून एवढं ठेवा. छोट्या संस्थेच्या फॉर्मवर फरक जाणवायचा नाही.

उरते ती मन लावून केलेली स्क्रिप्ट, पान उघडणारी आणि खराखुरा ब्राउझर चालवणारी. तिच्यासाठी तरी कॅप्चा हवाच ना? इथेच पूर्वपक्षाचा पाया ढासळतो. 1997 मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने आपोआप भरले जाणारे फॉर्म थांबवायला वेडीवाकडी अक्षरं वापरली, तेव्हा ती यंत्राला खरोखर वाचता येत नव्हती. 2003 मध्ये कार्नेगी मेलनच्या मंडळींनी कॅप्चाची शास्त्रीय मांडणी प्रसिद्ध केली. पण 2014 मध्ये खुद्द गूगलनेच जाहीर केलं, की त्यांची प्रणाली रीकॅप्चा या त्यांच्याच कॅप्चामधली सर्वांत अवघड अक्षरं 99.8 टक्के अचूक वाचते. मग अक्षरं जाऊन चित्रं आली. 2024 मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी तीही 100 टक्के सोडवून दाखवली. त्याआधी 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेने 1,400 माणसं बसवून पाहणी केली. बॉट माणसांपेक्षा वेगवान आणि अचूक असल्याचं त्यांना आढळलं. माणूस नापास आणि यंत्र पास, अशी ही प्रवेशपरीक्षा झाली आहे.

समजा, उद्या कुणी यंत्राला अजिबात न सुटणारा कॅप्चा काढला. तरी काय होईल? 2010 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच सॅन डिएगो शाखेने कॅप्चा सोडवून देणाऱ्या बाजाराचा अभ्यास केला होता. हजार कॅप्चांचा भाव एक डॉलरच्या आसपास, आणि सोडवणारी माणसंच, स्वस्त मजुरीच्या देशांतली. स्क्रिप्ट दाराशी येते, कॅप्चाचं चित्र त्या मजुराकडे जातं, तो उत्तर टंकतो, स्क्रिप्ट आत. ‘तू माणूस आहेस का?’ या प्रश्नाला मिळालेलं उत्तर शंभर टक्के खरं असतं आणि तरीही निरुपयोगी. प्रश्नच चुकला आहे.

दरम्यान शिक्षा भोगतो तो वाचक. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 2005 मध्येच एक टिपण काढून सांगितलं होतं की कॅप्चामुळे अंध आणि इतर अपंग वापरकर्ते बाहेर राहतात. डोळे धड असलेल्यांचीही गत फार बरी नाही. संगमनेरच्या सत्तरीतल्या गृहस्थांना ‘फायर हायड्रंट असलेली सर्व चित्रं निवडा’ असं सांगायचं, म्हणजे अमेरिकेतल्या रस्त्याकडेचे नळखांब त्यांनी ओळखायचे. आपल्या गल्लीत तो खांब कुणी पाहिला आहे?

कॅप्चा नको म्हटलं की आणखी एक मत पुढे येतं : ‘आमच्या सीएमएसमध्ये टोकन असतं.’ असतं, फॉर्मसोबत जाणारा एक छुपा संकेत, पण त्याचं काम वेगळं. तुम्ही लॉगिन असताना दुसऱ्या कुठल्या पानाने तुमच्या नावावर फॉर्म पाठवू नये, यासाठी ते आहे. स्क्रिप्ट पान उघडते, टोकन वाचते आणि सोबत पाठवते, अडलं कुठे? वर्डप्रेसचा ‘नॉन्स’, म्हणजे त्याचं टोकन, तर लॉगिन न केलेल्या सगळ्या पाहुण्यांना एकच मिळतो आणि 24 तासांपर्यंत चालतो. कुलूप भक्कम आहे, फक्त किल्ली दारावरच टांगलेली.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं, की फॉर्म कोण भरतं यापेक्षा भरल्यावर काय घडतं ते आधी पाहावं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तुमच्या फॉर्मचं काही प्रेम नसतं. फॉर्म त्याला काही तरी फुकट करून देतो म्हणून तो येतो. प्रतिक्रियेतून त्याला त्याच्या संकेतस्थळाकडे नेणारा दुवा मिळतो. म्हणून वर्डप्रेसमध्ये पहिल्यांदा लिहिणाऱ्याची प्रतिक्रिया मंजुरीसाठी थांबवण्याची सोय आहे, ती बंद करू नये. देणगीच्या फॉर्मवर चोरीच्या कार्डांचे नंबर चालतात का ते तपासलं जातं. तिथे नाकारलेल्या व्यवहारांवर मर्यादा हवी. वार्तापत्राच्या नोंदणीतून तिसऱ्याच माणसाला छळता येतं : 2016 च्या ऑगस्टमध्ये स्क्रिप्टनी असंख्य नोंदणी-फॉर्ममध्ये ठरावीक लोकांचे पत्ते भरून त्यांच्या टपालपेट्या बुजवल्या. पत्त्याच्या मालकाने होकार देईपर्यंत त्याला एकच पत्र जाईल, एवढी व्यवस्था असती तर त्या हल्ल्यात फारसा दम उरला नसता. संपर्काच्या फॉर्ममध्ये ‘मलाही प्रत पाठवा’ असा चौकोन असला, तर तुमचा सर्व्हर कुणाच्याही वतीने कुणालाही पत्रं धाडतो. ड्रुपलने अनोळखी पाहुण्यांना ही सोय मुळात दिलेलीच नाही. कारणही त्यांच्या कोडमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे.

चुकलेल्या प्रश्नाचं आपल्याकडचं मोठं उदाहरण रेल्वेचं. तत्काळ तिकिटांच्या दारात कॅप्चा होता, तरी दलालांची सॉफ्टवेअर पळत होतीच. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार-पडताळणी केलेल्या खात्यांनाच मिळू लागलं. ‘माणूस आहेस का’ याच्या पुढे जाऊन ‘कोण आहेस’ हा प्रश्न आला. त्याचे खासगीपणाचे प्रश्न निराळे आणि गंभीर आहेत, आणि वाचनालयाच्या फॉर्मला आधार मागणं हा शुद्ध वेडेपणा होईल.

माझ्या बाजूच्या उणिवाही सांगायला हव्यात. हनीपॉटचा रकाना ब्राउझर कधी कधी स्वतःच भरून टाकतो आणि भला माणूस अडकतो. अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपासूनही तो लपवावा लागतो. वेळेची अट लावली की ड्रुपलचं हनीपॉट मॉड्यूल त्या पानाचं कॅशिंग, म्हणजे तयार प्रत देणं, बंद करतं, मग गर्दीच्या पानावर सर्व्हर धापा टाकतो. संशयिताला, आणि फक्त त्यालाच, शेवटी कॅप्चा दाखवायलाही माझी हरकत नाही.

एका छोट्या वाचनालयाचं संकेतस्थळ मी सांभाळतो. तिथला कॅप्चा काढून वर सांगितलेली साधनं बसवली. परवा ग्रंथपालबाईंनी फोन करून सांगितलं, ‘अहो, एक निसटला बघा.’ पाहिलं तर कुणीतरी वाचनालयाचं नाव, गाव, पानावरच्या एका शुद्धलेखनाच्या चुकीसकट सगळं नीट वाचून, गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देण्याची ऑफर लिहिली होती. ती चूक मी दुरुस्त केली. निरोप शंभर टक्के माणसाचा होता.