दृष्टिपटलाच्या रक्तप्रवाहावर संप्रेरकांचा ताबा

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर पसरलेले दृष्टिपटल जाडीला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. तरीही वजनाच्या मानाने सर्वाधिक प्राणवायू वापरणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते. त्याला रक्तपुरवठा दोन मार्गांनी होतो. आतील थरांना मध्यवर्ती धमनीच्या शाखा रक्त पुरवतात, तर प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे पोषण त्यामागील 'कोरॉइड' या रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यातून होते.

या दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. कोरॉइडमधील रक्तवाहिन्यांवर मज्जातंतूंचे नियंत्रण असते. दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांना मात्र हे मज्जातंतू नसतात. त्यामुळे वाहिनी किती रुंदावायची आणि किती आकसायची, हे बव्हंशी जागच्या जागी तयार होणारी संप्रेरके व अन्य रसायने ठरवतात.

आकुंचन आणि प्रसरण

यातील प्रमुख साखळी रेनिनची. स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी १८९८ मध्ये मूत्रपिंडातील या द्रव्याचा शोध लावला. रेनिनमुळे सुरू होणाऱ्या साखळीच्या अखेरीस अँजिओटेन्सिन-२ तयार होते आणि ते रक्तवाहिन्या आकसवते. या साखळीचे घटक डोळ्यातही तयार होतात, हे पुढे स्पष्ट झाले. जपानमध्ये यानागिसावा व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये शोधलेले एन्डोथेलिन हे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून स्रवणारे आणखी प्रभावी आकुंचक होय. याउलट त्याच अस्तरातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड वायू वाहिन्या सैल करतो. रक्तदाब थोडाफार कमी-जास्त झाला तरी दृष्टिपटलाला मिळणारे रक्त जवळपास सारखेच राहते, ते या समतोलामुळे.

मधुमेहात काय बिघडते?

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की हा समतोल ढळतो. केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात, डोळ्यातील रेनिन साखळी अधिक सक्रिय होते. काही केशवाहिन्या पाझरतात, काही बंद पडतात. प्राणवायूला मुकलेला भाग वाढ-घटक स्रवतो आणि त्यातून नाजूक नव्या वाहिन्या फुटतात. त्या फुटून रक्तस्राव झाला की दृष्टी धोक्यात येते. तोवर रुग्णाला बहुधा कसलाही त्रास जाणवत नाही.

औषधांचा उपयोग

ब्रिटनमधील 'यूकेपीडीएस' अभ्यासात १९९८ मध्ये दिसले, की टाइप-२ मधुमेहींचा रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास दृष्टिपटलाचा विकार बळावण्याची जोखीम ३४ टक्क्यांनी घटते. रेनिन साखळी रोखणाऱ्या औषधांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. टाइप-१ मधुमेहींवरील २००९ च्या एका अभ्यासात एनालाप्रिल व लोसार्टनमुळे विकाराची वाढ लक्षणीयरीत्या मंदावली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँडेसार्टनच्या चाचण्यांत लाभ मर्यादित होता. ही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने गरोदरपणात वर्ज्य आहेत.

तपासणी केव्हा?

टाइप-२ मधुमेहाचे निदान होताच, तर टाइप-१ मध्ये पाच वर्षांच्या आत, बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी आणि पुढे साधारणतः दरवर्षी ती करावी. गरोदरपणात हा विकार झपाट्याने वाढू शकतो. त्यामुळे आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रियांनी पहिल्या तिमाहीतच तपासणी करणे आवश्यक आहे. चष्म्याचा नंबर तपासून हा विकार कळत नाही, हे ध्यानात ठेवावे.