दाराला होती, घराला नव्हती

आमचं घराणं औसा तालुक्यातल्या सुतारांचं. आजोबा फळ्यांचं दार करायचे तेव्हा शेवटी मागून एक तिरकी पट्टी ठोकायचे. ती बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीकडच्या वरच्या कोपऱ्याला भिडायची. पट्टी उलटी मारली तर दार वर्षभरात खाली बसतं आणि उंबऱ्याला घासतं, असं ते सांगत. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांनी तुरीच्या चार काड्या टोकांना सुतळीने बांधून चौकोन केला आणि बोटाने ढकलला. तो आडवा झाला. मग पाचवी काडी तिरकी बांधली. आता कितीही ढकला, हलेना. "चौकोन लुळा असतोय, तिकोन नाही," एवढंच बोलून ते कामाला लागले.

हेच आजोबा माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, उभी करायचे. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, त्यावर तुळई, तुळईवर सरे म्हणजे आडवी लाकडं, सऱ्यांवर किलचन म्हणजे पातळ फळ्यांचा थर आणि वर माती. खांबाच्या माथ्याला कुसू, आणि तो बसायला तुळईत खाच, म्हणजे साल. जोडात खिळा नाही. मराठवाड्याच्या उन्हात त्या छताखाली किती गार वाटायचं, हे तिथे निजलेल्यालाच ठाऊक. जुन्या घडणीत छताचा भार खांब-तुळयांचा सांगाडा, म्हणजे लाकडी खण, घ्यायचा, भिंत नुसता आडोसा. पुढे लाकूड महागलं, खांब कमी झाले आणि सऱ्यांची टोकं भिंतीवर टेकू लागली. दरसाल पावसाळ्याआधी छत गळू नये म्हणून वर पांढरी माती पडायची. जुनी मात्र कुणी काढत नसे. पुढे आयटीआयत बांधकाम शिकवताना मी मुलांना हिशेब करायला लावायचो: दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट, पाच टनांच्या आसपास. कित्येक छतांवर दोन-दोन फूट होती.

आणि भिंती? दोन-अडीच फूट जाड, म्हणून त्या भक्कम वाटायच्या. खरं तर त्या दोन वेगळ्या भिंती होत्या, आतली एक आणि बाहेरची एक, मध्ये गोटे आणि चिखल. दोन्हींना शिवणारा आरपार दगड क्वचितच असे. आमच्याकडे म्हणतात तसं भिंतीला पोट सुटायचं ते यामुळेच.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसं उशिरा निजलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला, जमीन आडवी हलली. भार सरळ खाली उतरतो हे धरून पिढ्यान् पिढ्या घरं बांधली होती; बाजूने धक्का येईल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत भिंतीचे दोन्ही पदर सुटले, दगड कोसळले आणि त्यावर माती आली. हजारो माणसं झोपेतच गेली.

दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर त्या भागात गेलो. काही ठिकाणी भिंती चारही बाजूंना सांडलेल्या आणि मधे लाकडी खण उभा. त्याखालची माणसं वाचली होती. काही ठिकाणी खणच आजोबांच्या चार काड्यांसारखा एका कुशीवर निजला होता. लाकूड शाबूत, कुसू मात्र सालीतून निसटलेला. वडील त्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

पुढे 2001 साली भूकंपाने भूज हादरलं तेव्हा कच्छमधली भुंगा म्हणतात ती गोल घरं पुष्कळशी टिकली. गोल भिंतीला कोपराच नसतो आणि छपरही हलकं. आमच्याकडे सगळे कोपरेच.

आमच्याकडच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसली. जी घरं जुन्या जागी राहिली त्यांच्या दुरुस्तीसाठी जाणकारांनी सांगितलं: छतावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, दारांच्या वरून घरभर पट्टा फिरवा, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू मारा. तो शेवटचा उपाय ऐकून मला रडू फुटलं. तशीच तिरकी पट्टी आमच्या घरात प्रत्येक दारामागे होती. ज्या हातांनी ती दाराला मारली, त्यांच्याकडे घरासाठी ती कुणी मागितली नाही आणि त्यांनाही सुचली नाही.

भूकंपानंतरच्या दिवाळीत वडिलांनी गोठा नव्याने बांधला. वर पत्रा, आठ खांब. प्रत्येक खांबाच्या माथ्याला दोन्ही अंगांनी त्यांनी हातभर बाभळीचे तिरके तुकडे बसवले आणि खांद्याने रेटून एकेक खांब पाहिला.