दुव्यामागचे शब्द : वेबपानांतून दुवे वेचणाऱ्या स्क्रिप्टची कुळकथा

१/ वेबपानावरील प्रत्येक दुव्याला दोन अंगे असतात. वाचकाला दिसतात ते शब्द, आणि त्या शब्दांमागे दडलेला पत्ता. पान वाचून ही जोडी वेगळी काढणारी स्क्रिप्ट आज महाविद्यालयीन विद्यार्थी वीसेक ओळींत लिहितो. परंतु या जोडीतील शब्दांचे मोल जगाच्या ध्यानी यायला काही वर्षे जावी लागली. ते ध्यानी आले आणि शोधयंत्रांचा इतिहास पालटला. हा थ्रेड त्या वाटचालीविषयी.

२/ दुव्याची कल्पना वेबहून जुनी आहे. १९४५ च्या जुलैमध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनेव्हर बुश यांनी 'अटलांटिक' मासिकात 'मेमेक्स' नावाच्या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. एका कागदावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या वाटा वाचकाने स्वतः आखाव्यात, ही त्यामागची कल्पना. पुढे टेड नेल्सन यांनी 'हायपरटेक्स्ट' हा शब्द घडवला. १९६५ साली तो छापील निबंधात आला. नेल्सन यांना दुहेरी दुवे हवे होते. 'अ'ने 'ब'कडे बोट दाखवले, तर 'ब'लाही ते कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

३/ १९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी आपला प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर व पहिला सर्व्हर चालू केला. त्यांच्या रचनेत दुवा एकेरी होता. कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता, कोणत्याही पानाकडे बोट दाखवू शकत असे. वेब झपाट्याने पसरण्याचे हे एक मोठे कारण. मात्र आपल्याकडे कोण बोट दाखवते आहे, हे पानाला कळण्याची सोय त्यात नव्हती.

४/ पुढचा सारा इतिहास या एकेरीपणातून निघाला. एखाद्या पानाकडे येणाऱ्या वाटा शोधायच्या, तर जगातील इतर सर्व पाने उघडून त्यांतील दुवे उतरवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. माणसाच्या हाताने हे होणे अशक्य. स्क्रिप्टची गरज येथे निर्माण झाली.

५/ दुव्याची मांडणी साधी होती. एचटीएमएलमध्ये 'ए' नावाची खूण असते. हे 'अँकर', म्हणजे जहाजाच्या नांगराचे, आद्याक्षर. त्या खुणेत 'एचरेफ' या नावापुढे पत्ता लिहायचा, आणि खूण उघडते व मिटते त्यांच्या मधोमध वाचकाला दिसणारे शब्द. ही शिस्त ठरलेली असल्यामुळे यंत्रालाही दुवा ओळखता येत असे.

६/ १९९३ च्या जूनमध्ये एमआयटीतील मॅथ्यू ग्रे यांनी पर्ल भाषेत 'वर्ल्ड वाइड वेब वाँडरर' लिहिला. पान आणायचे, त्यातील दुवे काढायचे, त्या दुव्यांवरची पाने आणायची. वेब किती वाढले आहे याची मोजदाद करणे हा त्यामागचा हेतू. ग्रे यांच्या नोंदींनुसार जून १९९३ मध्ये संकेतस्थळे होती १३०. डिसेंबरात ती ६२३ झाली, पुढच्या जूनमध्ये २,७३८, आणि १९९६ च्या जानेवारीत सुमारे १ लाख. वेबच्या बालपणाची ही जनगणना आज उपलब्ध आहे ती दुवे वेचणाऱ्या एका प्रोग्रॅममुळे.

७/ असे प्रोग्रॅम वाढले तशी तक्रारही वाढली. माणूस मिनिटाला दोन-चार पाने उघडतो. स्क्रिप्ट त्याच वेळात शेकडो मागते. तेव्हाचे दुबळे सर्व्हर या माऱ्याने मान टाकत. म्हणून १९९४ च्या फेब्रुवारीत मार्टाइन कोस्टर यांनी एक साधा तोडगा सुचवला : प्रत्येक संकेतस्थळाने 'रोबोट्स' नावाची मजकूरफाइल ठेवावी, कोठे येऊ नये ते तीत लिहावे, आणि यंत्रांनी आधी ती वाचावी. हा निव्वळ सौजन्याचा करार होता. मोडणाऱ्याला अडवणारे कुलूप त्यात नव्हते. तरीही तो टिकला. २०२२ साली त्याला इंटरनेटच्या औपचारिक मानकांत स्थान मिळाले.

८/ कामात अडचणीही होत्या. अनेक दुव्यांत पूर्ण पत्ता नसे, नुसते 'याच घरातील पलीकडची खोली' अशा अर्थाचे त्रोटक टिपण असे. ते मूळ पानाच्या पत्त्याला जोडून पूर्ण करावे लागे. या जोडणीचे नियम १९९५ साली लिहून निश्चित झाले. शिवाय दोन पाने परस्परांकडे बोट दाखवत असतील, तर स्क्रिप्ट त्याच चकरेत अडके. त्यामुळे पाहिलेल्या पानांची यादी जवळ ठेवणे भाग पडे. या दोन्ही खबरदाऱ्या आजही तशाच घ्याव्या लागतात.

९/ आतापर्यंत सर्वांचे लक्ष पत्त्यावर होते. शब्दांकडे लक्ष वळवले ते कोलोरॅडो विद्यापीठातील ऑलिव्हर मॅकब्रायन यांनी. त्यांचे 'वर्ल्ड वाइड वेब वर्म' हे शोधयंत्र १९९४ मध्ये लोकांसमोर आले. त्याच्या सूचीत सुमारे १ लाख १० हजार पाने व दस्तऐवज होते. दुव्याचे शब्द ज्या पानावर लिहिलेले आहेत त्याच्याबरोबरच, ज्या पानाकडे ते नेतात त्याच्याही खाती हे यंत्र नोंदवत असे.

१०/ त्याचा लाभ विशेषतः चित्रांच्या बाबतीत झाला. चित्राच्या फाइलमध्ये वाचण्याजोगा मजकूर नसतो, त्यामुळे यंत्राला ते मुके वाटते. पण कोणी 'गुरू ग्रहाचे छायाचित्र' असे लिहून त्या चित्राचा दुवा दिला असेल, तर ते चित्र कशाचे हे यंत्राला कळते. वस्तू स्वतः बोलत नसली, तरी तिच्याविषयी बोलणारे असतात.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत परकी नाही. एखाद्या सरदाराच्या घराण्याने लिहून घेतलेल्या बखरीपेक्षा, दुसऱ्या दरबारातील वकिलाने त्याच्याविषयी धाडलेले समकालीन पत्र अभ्यासक अधिक विश्वसनीय मानतो. विज्ञानाच्या क्षेत्रातही युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली अशीच सूची सुचवली होती : कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, याची. वेबपुरते हे तत्त्व पूर्णत्वास नेले ते स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी.

१२/ लॅरी पेज यांनी १९९६ साली 'बॅकरब' हा प्रकल्प हाती घेतला. नावातच हेतू होता : पानाच्या पाठीमागून, म्हणजे त्याच्याकडे येणारे दुवे तपासणे. सर्गेई ब्रिन त्यांना येऊन मिळाले. १९९८ मध्ये दोघांनी 'गूगल'ची रचना शोधनिबंधात मांडली. पाने आणणारे प्रोग्रॅम पायथॉन भाषेत होते. पान आले की त्यातील प्रत्येक दुवा काढून एका फाइलमध्ये तीन गोष्टी नोंदवल्या जात : दुवा कोठून निघतो, कोठे जातो, आणि त्याचे शब्द कोणते.

१३/ २ कोटी ४० लाख पानांतून त्यांना २५ कोटी ९० लाखांहून अधिक दुवे मिळाले. पान स्वतःविषयी जे सांगते, त्याहून इतरांच्या दुव्यांतील शब्द त्याचे वर्णन पुष्कळदा अधिक अचूक करतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. अद्याप उघडलेही नाही असे पानसुद्धा या शब्दांच्या बळावर शोधात दाखवता येत होते.

१४/ त्याच निबंधात या कामाची मानवी बाजूही आली आहे. लाखो सर्व्हरांशी बोलणारा प्रोग्रॅम चालवला की लोकांची पत्रे व दूरध्वनी येऊ लागतात. तुम्ही माझी इतकी पाने पाहिलीत, कशी वाटली, असे कोणी कौतुकाने विचारी. एकदा तर प्रोग्रॅम एका ऑनलाइन खेळात शिरला आणि खेळ चालू असताना मध्येच निरर्थक संदेश उमटू लागले.

१५/ साक्षीला मोल आले की खोटे साक्षीदार उभे राहतात. २००३ साली अनेकांनी संगनमताने 'दारुण अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या अधिकृत चरित्रपानाचा दुवा दिला. त्या पानावर ते शब्द नव्हते. तरीही गूगलमध्ये ते शोधताच तेच पान अग्रस्थानी येई. २००५ च्या जानेवारीत शोधकंपन्यांनी 'हा दुवा शिफारस मानू नये' असे सांगणारी खूण स्वीकारली, आणि २००७ मध्ये गूगलने असे संगनमत ओळखण्याची व्यवस्था केली.

१६/ मराठी वेबची अडचण निराळी होती. नव्वदीच्या दशकात व त्यानंतरही काही वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे विशिष्ट फाँटवर चालत. पडद्यावर 'मुखपृष्ठ' दिसे. फाइलमध्ये मात्र त्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे असत, आणि फाँट देवनागरी आकारांचा मुखवटा चढवी. स्क्रिप्टने दुव्याचे शब्द काढले की हाती निरर्थक जुळणी पडे. त्यातच प्रत्येक फाँटची जुळणी वेगळी. माणसाला मराठी वाचता येत होती, यंत्राला तिचे अस्तित्वच ठाऊक नव्हते.

१७/ युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. संकेतस्थळांनी ती हळूहळू स्वीकारली. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला. युनिकोडमधील मराठी दुव्याचे शब्द स्क्रिप्टच्या हाती जसेच्या तसे येतात. पत्त्यात देवनागरी असेल, तर ती टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन येते. पण ती उलगडून मूळ शब्द परत मिळतात. जुन्या फाँटमधील पाने मात्र आजही शोधयंत्राला मुकी आहेत.

१८/ साधनेही सुलभ झाली. लोक एचटीएमएल अत्यंत ढिसाळ लिहितात. खुणा उघडतात, मिटवत नाहीत. अक्षरजुळणीचे साधे सूत्र अशा पानावर फसते. २००४ साली लेनर्ड रिचर्डसन यांनी पायथॉनसाठी 'ब्युटिफुल सूप' तयार केले. ते या विस्कळीत पानातूनही खुणांचे झाड उभे करते. त्यावरून सगळे 'ए' मागावेत, प्रत्येकाचा पत्ता व शब्द घ्यावेत, इतकेच काम उरते.

१९/ या यादीचे खरे मोल पान नाहीसे झाल्यावर कळते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधील पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दशकभराने उघडेनाशी झाली होती. मृत पान स्वतःविषयी काहीच सांगत नाही. परंतु इतरांच्या पानांवर त्याचा पत्ता शिल्लक असतो, आणि त्याच्या जोडीला ते कशाविषयी होते हे सांगणारे दोन-चार शब्द.

२०/ मूळ ग्रंथ हरवला, तरी इतर ग्रंथांतील उल्लेखांवरून त्याचे नाव व विषय कळतो, त्यातलाच हा प्रकार. तो पत्ता घेऊन १९९६ पासून वेबच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हकडे गेले, तर पुष्कळदा हरवलेले पानही सापडते. म्हणून दुवे वेचणाऱ्याने पत्ता, शब्द आणि मूळ पान यांच्या जोडीला चौथा रकाना अवश्य ठेवावा : नोंद केल्याची तारीख. उद्याच्या अभ्यासकाला अर्काइव्हमध्ये नेमकी कोणत्या काळची प्रत पाहायची, हे त्या तारखेवरूनच ठरवता येईल.