क्षीण सिग्नल आणि एडीसी : कापसाच्या काट्यापासून लायगोपर्यंत

एडीसी म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर. व्होल्टेज घ्यायचं आणि त्याचा आकडा करून द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण व्होल्टेजच अगदी नगण्य असेल तर?

मी परभणीचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कापूस विकायला नेण्याआधी घरीच मोजता यावा म्हणून ५० किलोचा लोडसेल आणून काटा बनवायला घेतला. लोडसेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा. म्हणजे ५ व्होल्ट पुरवले तर पूर्ण ५० किलोला दोन तारांमध्ये फरक पडतो फक्त १० मिलिव्होल्टचा. त्या तारा मी थेट अर्डुइनो उनोला जोडल्या आणि कोडमध्ये वजाबाकी केली. उनोचा एडीसी १०-बिट, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग. एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. अख्ख्या ५० किलोला जेमतेम दोन पायऱ्या!

वाटलं, शंभर रीडिंगची सरासरी काढू. पण शंभरदा तोच आकडा आला, तर सरासरीही तोच येणार.

मग करायचं काय?

आधी सिग्नल वाढवायचा, मग मोजायचा. एचएक्स७११ ही चिप सिग्नल १२८ पट वाढवून २४-बिट एडीसीला देते. अर्थात २४ बिट कागदावर. शेवटचे काही बिट नॉइजच असतात. सेकंदाला १० रीडिंगचा वेग ठेवला की विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण दबते. तारा आखूड आणि पीळ दिलेल्या ठेवाव्यात.

हेच तत्त्व, मोठ्या प्रमाणावर

औंढा नागनाथ १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, आता हिंगोलीत आहे. तिथे लायगो-इंडिया उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहरीमुळे ४ किलोमीटरच्या भुजेत पडणारा फरक प्रोटॉनच्याही शेकडो पटीने लहान असतो. अमेरिकेतल्या लायगोत १६-बिट एडीसी वापरले गेले. जमिनीच्या हादऱ्यांमुळे कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल मोठा, तर वरचा इतका बारीक, की एडीसीच्या स्वतःच्या नॉइजमध्येच बुडेल. म्हणून एडीसीच्या आधी 'व्हाइटनिंग फिल्टर' लावून बारीक भाग वर उचलतात आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये ते गणित उलटं करतात.

माझा काटा आता बरोबर चालतो. धडा एकच: एडीसीत शिरण्याआधी जे हरवलं, ते कितीही कोड लिहा, परत येत नाही.