सायकलवाल्यांना नको असलेला सायकल ट्रॅक

सायकलींना वेगळा ट्रॅक मिळाला की सायकलवाले खूश होणार, असं आपल्याला वाटतं ना? लंडनमध्ये नेमकं उलटं झालं होतं.

१४ डिसेंबर १९३४ रोजी वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूच्या कडेने खास सायकल ट्रॅक सुरू केला. अडीच मैल लांब, साडेआठ फूट रुंद. आणि विरोध कोणाचा? तर सायकलिस्ट्स टूरिंग क्लबचा! आज ट्रॅक देताय, उद्या म्हणाल मुख्य रस्त्यावर येऊच नका, ही त्यांची भीती. राग समजण्यासारखा होता. रस्ते सुधारा म्हणून १८८६ मध्ये ब्रिटनमध्ये संघटना काढली ती सायकलवाल्यांनीच, तेव्हा तिथे मोटारी आल्याही नव्हत्या. (घर यांनी बांधायचं आणि पाहुण्याने यांनाच पडवीत झोपवायचं!)

हक्काचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. पण हक्क आहे म्हणून धडक बसायची थांबत नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं 'बालहत्या थांबवा'. डचांनी मग हक्काऐवजी वेगाकडे बघितलं. गाड्या सुसाट असतील तिथे ट्रॅक वेगळा, वस्तीतल्या गल्लीत मात्र रस्ता सगळ्यांचा आणि गाडीने हळू चालायचं.

आपल्या पुण्यात ट्रॅकवर स्कूटरी लावलेल्या असतात, म्हणून मी मुख्य रस्ता धरतो. मग मागून हॉर्न वाजतो आणि कुणीतरी ओरडतं, "ओ, तुमचा ट्रॅक तिकडे आहे ना!"