आंब्यावरील मिजमाशी

आंब्यावरील मिजमाशी ही आंब्याचा मोहोर, कोवळी पालवी आणि नुकतीच धरलेली फळे यांवर उपजीविका करणारी कीड आहे. द्विपंखी गणातील सेसिडोमायिडी कुळात तिचा समावेश होतो. या कुळातील अनेक जातींच्या अळ्या वनस्पतींच्या ऊतींमध्ये राहतात व तेथे गाठी निर्माण करतात. भारतात मोहोरावर आढळणारी प्रमुख जात इरोसोमिया इंडिका ही होय. प्रोकॉन्टारिनिया प्रजातीतील माश्यांमुळे आंब्याच्या पानांवर फोडांसारख्या गाठी येतात.

जीवनक्रम

प्रौढ माशी डासासारखी नाजूक असून तिची लांबी सुमारे १ ते २ मिलिमीटर असते. ती अल्पायुषी असते. मादी मोहोराच्या कोवळ्या भागांवर सुटी अंडी घालते. दोन ते तीन दिवसांत अंड्यांतून अळ्या बाहेर पडून ऊतींमध्ये शिरतात. सुमारे ७ ते १० दिवसांत पूर्ण वाढ झाल्यावर अळी बारीक छिद्र पाडून बाहेर येते, जमिनीवर पडते आणि मातीत कोषावस्थेत जाते. बहराच्या काळात अशा तीन ते चार पिढ्या होतात. हंगाम संपल्यावर काही अळ्या मातीतच सुप्तावस्थेत राहतात व पुढील बहराच्या वेळी त्यांच्यापासून माश्या तयार होतात.

नुकसानीचे स्वरूप

प्रादुर्भाव तीन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा मोहोराचे कोंब फुटताना येतो व तो सर्वाधिक हानिकारक असतो. या वेळी मोहोराचा दांडा अळीच्या छिद्रापाशी वाकतो व संपूर्ण मोहोर वाया जाऊ शकतो. दुसऱ्या टप्प्यात बारीक फळे पोखरली जाऊन गळतात. तिसऱ्या टप्प्यात मोहोराभोवतालची कोवळी पाने बाधित होतात.

उत्तर भारतातील तराई भागात आढळणाऱ्या आंब्यावरील सिला या किडीमुळेही गाठी येतात. मात्र त्या पानांच्या बेचक्यात येतात आणि हिरव्या, शंकूच्या आकाराच्या असतात. दोन्ही किडींचा जीवनक्रम भिन्न असल्याने उपाय योजण्यापूर्वी कीड ओळखणे आवश्यक ठरते.

व्यवस्थापन

अळी ऊतींच्या आत असताना स्पर्शजन्य कीटकनाशक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. गाठी दिसू लागल्यानंतर केलेल्या फवारणीचा उपयोग त्यामुळे मर्यादित असतो. व्यवस्थापनाचा भर कीड झाडाबाहेर असतानाच्या अवस्थांवर दिला जातो.

* झाडाखालील जमीन उकरून किंवा नांगरून कोष व सुप्त अळ्या उघड्या पाडणे.
* बहराच्या काळात झाडाखाली प्लास्टिकचे आच्छादन अंथरणे, जेणेकरून खाली पडणाऱ्या अळ्या मातीत शिरणार नाहीत. आच्छादनावर जमणाऱ्या अळ्यांवरून प्रादुर्भावाचा अंदाजही येतो.
* गाठी आलेले शेंडे व मोहोर अळ्या बाहेर पडण्यापूर्वी कापून जाळणे.
* आवश्यकता असल्यास कोंब फुटण्याच्या अवस्थेत शिफारस केलेल्या कीटकनाशकाची फवारणी करणे. परागीभवन करणाऱ्या कीटकांना अपाय होऊ नये म्हणून मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळली जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

कोकणातील हापूस बागांमध्ये तुडतुड्यांबरोबर मिजमाशी ही मोहोरावरील दखलपात्र कीड मानली जाते. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेले, आताचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आंब्याच्या कीड व्यवस्थापनाबाबत बागायतदारांना मार्गदर्शन करते.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा व पेठ या डोंगराळ तालुक्यांत आदिवासी शेतकऱ्यांनी 'वाडी' पद्धतीने आंब्याच्या, विशेषतः केसर जातीच्या, बागा उभ्या केल्या आहेत. बायफ या संस्थेने ही पद्धत रुजवली. येथील बहर कोकणातील बहराच्या तुलनेने उशिरा येतो. कोकणासाठी ठरवलेल्या तारखा येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. आच्छादन व फवारणीची वेळ मोहोराच्या अवस्थेवरून ठरवावी लागते. वाडीचे क्षेत्र लहान असल्याने जमीन उकरणे आणि बाधित शेंडे कापणे ही कामे कुटुंबातील मनुष्यबळावर करता येतात. मात्र एखाद्या वाडीखालील माती तशीच राहिल्यास तेथील सुप्त अळ्यांपासून पुढील हंगामात शेजारच्या बागांनाही उपद्रव होऊ शकतो. त्यामुळे लगतच्या बागांमध्ये हे उपाय एकाच काळात योजणे अधिक परिणामकारक ठरते.