भिंत, पोथी आणि पत्ता: मांद्रे परिसरातील चित्रपरंपरा

मांद्रे हे गोव्याच्या पेडणे तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. तालुक्याच्या दक्षिणेला शापोरा नदी, उत्तरेला तेरेखोल, आणि तेरेखोलपलीकडे सिंधुदुर्ग. १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला. त्याआधी तो सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता. तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतली देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल दोनशेहून अधिक वर्षांनी पोर्तुगीज अमलाखाली आले, तोवर मूर्तिभंजनाचा तो काळ सरला होता. त्यामुळे इथली देवळे आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या कला टिकल्या. मांद्र्याच्या टापूतली चित्रकला समजून घ्यायची तर पणजीच्या आधी सावंतवाडी आणि कुडाळकडे पाहावे लागते.

चित्र पाहायला नव्याने शिकणाऱ्याने चौकट आणि दिवाणखाना काही काळ बाजूला ठेवावा. या भागातले जुने चित्र भिंतीत कोरलेले असे, गाण्याबरोबर दाखवले जाई किंवा हातात धरून खेळले जाई. ते कशावर काढले आणि कशासाठी, एवढे कळले तरी शैलीतले बरेचसे उलगडते.

भिंतीवरची परंपरा कावीची. रत्नागिरीपासून गोव्यातून थेट उत्तर कन्नडपर्यंत कोकण किनाऱ्यावरच्या देवळांत ती आढळते. जांभ्याच्या मातीतून मिळणारी तांबडी काव हा तिचा एकमेव रंग. शिंपल्यांचा चुना आणि धुतलेली वाळू गुळाच्या पाण्यात कालवून आंबवत, मग कुटून एकजीव करत. हा पांढरा गिलावा भिंतीवर चढला की त्यावर कावीचा पातळ थर देत आणि तो ओला असतानाच टोकदार लोखंडी सळईने खरवडत. जिथे लाल निघे तिथे खालचा पांढरा चुना उघडा पडे, आणि तीच चित्राची रेषा. शेवटी गुळगुळीत गोट्याने घासून भिंत तुकतुकीत करत. इटलीतल्या वाड्यांच्या दर्शनी भिंतींवर प्रबोधनकाळात रूढ असलेले स्ग्राफितो याच तत्त्वावर चालते.

कावीत छायाप्रकाश किंवा खोली शोधणे व्यर्थ आहे. गिलावा सुकायच्या आत हात चालवायचा आणि चुकलेली रेषा पुसायची सोय नाही, अशा कामात ठाम रेषाच लागते. म्हणून कर्कटकाने आखलेली वर्तुळे, वेलबुट्टी, जाळीदार पट्टे यांचे तिथे राज्य असते, आणि देवादिकांच्या आकृतीही त्याच ठाशीव वळणाने येतात. खरे कौशल्य दिसते ते लाल-पांढऱ्याच्या तोलात. उरलेला लाल आणि उघडा पडलेला पांढरा, दोन्हींना स्वतंत्र आकार असतो. ही रेषा चुन्यातच मुरलेली असल्याने पावसाळी हवेतही तग धरते. तिला खरा धोका जीर्णोद्धाराचा: सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंटचा एक हात पुरतो, आणि ही हानी भरून निघत नाही. अभ्यासक कृष्णानंद कामत यांनी या कलेची नोंद केली, तर गोव्यात सागर नाईक मुळे या चित्रकाराने तिचे काम नव्याने हाती घेतले.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी वेगळ्याच गरजेतून घडली. तिथले ठाकर कलावंत रामायण-महाभारतातली आख्याने गात आणि प्रसंगाप्रमाणे एकेक चित्र उचलून प्रेक्षकांपुढे धरत. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असत, म्हणजे पान उलटले की पुढचा प्रसंग. देवळाच्या मंडपात, दिव्याच्या उजेडात, लांब बसलेल्यालाही राम कोण आणि राक्षस कोण हे क्षणात कळायला हवे. मोठे टपोरे डोळे, एका बाजूने दिसणारे चेहरे, जाड काळी बाह्यरेषा आणि मोकळी पार्श्वभूमी यांचे कारण हेच. निसर्गाचे बारकावे तिथे अडचण ठरले असते. ते काम गाणारा शब्दांनी करी. युद्धाचे पान पाहावे: समोरासमोर रथ, मधे बाणांची दाटी, आणि सगळी हालचाल त्या तिरप्या रेषांतून उभी राहते. सावंतवाडीकरांनी या कलेला आश्रय दिला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची पाने आहेत. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

गंजिफा ही तळहाताएवढी चित्रकला. हा खेळ मोगलांबरोबर रुजला. बाबराने १५२७ मध्ये गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. मोगली संच ९६ पत्त्यांचा. दशावतारी संचात मत्स्यापासून दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने, असे १२० गोल पत्ते. सावंतवाडीचे चितारी ते रंगवून लाखेचा लेप देत. खेळणाऱ्याला रंग झटकन ओळखता यावा म्हणून प्रत्येक अवताराची खूण मोजक्या फटकाऱ्यांत बसवलेली असते. कला विस्मरणात जात असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांना काम देऊन ती जगवली.

जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत, चित्राची वाट निराळी होती. १५४७ मध्ये गव्हर्नर जुवांव द काश्त्रू याने आपल्यासह आधीच्या पोर्तुगीज गव्हर्नरांची चित्रे करवून घेतली. बखरकार गाश्पार कुर्रैय याच्या देखरेखीखाली ती एका स्थानिक चित्रकाराने काढली. इथे माणूस ओळखू येणे आणि त्याचा दरारा दिसणे महत्त्वाचे. ही मालिका पुढेही चालू राहिली आणि आज जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. सांग्यात जन्मलेले आंतोनियु शाविएर त्रिंदाद (१८७०–१९३५) मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले. त्यांच्या व्यक्तिचित्रांत युरोपीय तैलरंगाची शिस्त पुरेपूर उतरली. आंजेलु द फोंसेका (१९०२–१९६७) यांनी उलट दिशा धरली. ते शांतिनिकेतनात गेले, अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेतला हलका रंग आणि लयदार रेषा घेऊन परतले, आणि मरियेला साडी नेसवली. गोव्यातल्या धर्मपीठाला ते रुचले नाही, म्हणून त्यांचे आयुष्य पुण्यात गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.